दुसऱ्यांदा कोण विचारणार?

नाशिक-पुणे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने चाकण पाहिलेलं असतं, आणि चाकणला मुद्दाम कुणीच गेलेलं नसतं. मीही त्यातलीच. एसटीच्या खिडकीतून दिसणारं चाकण म्हणजे पुढच्या कंटेनरची पाठ, बाजारातून येणारा कांद्याचा वास आणि कंडक्टरला पुन्हा पुन्हा विचारलेलं "अजून किती वेळ हो?" या जानेवारीत मात्र मी तिथे उतरले, आठवड्याहून जास्त राहिले, आणि परत आल्यापासून मैत्रिणी विचारताहेत, तिथे बघण्यासारखं आहे तरी काय? त्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे. बसले हा शब्द उगाच. दोन ओळी झाल्या की मी उठते, गॅलरीत जाते, झाडांना घातलेलं पाणी पुन्हा घालते. पायाला भिंगरी आहे, साठीला आले तरी सुटलेली नाही.

निमित्त होतं स्वीडिश भाषेचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं स्वीडनमध्ये होतो. तिथून परत आले तेव्हा ती भाषा माझ्याकडे कपाटातल्या जाड कोटासारखी पडून राहिली. नाशिकला घालणार कधी? मग एके दिवशी चाकणहून फोन आला. "ताई, तुमाला ते स्वीडिश येतं म्हनं. आमच्याकडं एक म्हातारा यायलाय, त्याचं बोलनं आमाला कळंना."

फोन करणारे अण्णा. त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीवर आता एका मोठ्या कंपनीचं गोदाम आहे. उरलेल्या तुकड्यावर अण्णांनी पत्र्याची शेड टाकून दुचाकीच्या स्प्रिंगा बनवायचा कारखाना काढला आहे. त्यांनी स्वीडनमधून एक जुनं मशीन आणवलं होतं, तार वळवून स्प्रिंग करणारं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. ते मशीन उभं करू शकणारा माणूस जगात एकच उरला होता, आणि तोही निवृत्त. त्याचं नाव बेंग्त.

मोशीचं हॉटेल

बेंग्त उंच, किंचित वाकलेला, गुडघे दुखणारा म्हातारा निघाला. स्वीडनच्या अगदी उत्तरेकडचा. इंग्रजी त्याला येत होतं, पण चाकणचं इंग्रजी त्याला कळत नव्हतं आणि त्याचं चाकणला. आमची दोघांची सोय मोशीच्या एका हॉटेलात केली होती. पहिल्या सकाळी नाश्त्याला बसलो आणि माझी कपाटातली भाषा बाहेर निघाली, सुरुवातीला जरा डांबरगोळ्यांचा वास मारत.

ज्यांना स्वीडिश ठाऊक नाही त्यांना थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या भाषेत 'प्लीज'ला नीटसा शब्दच नाही. आहे तो गयावया करण्याचा. एरवी सगळा कारभार 'तक' या एका शब्दावर. तक म्हणजे आभार. कॉफी मागायची तर 'कॉफी, तक.' हवी का विचारलं आणि हवी असेल तर 'या, तक', नको असेल तर 'नेय, तक.' होकारालाही आभार आणि नकारालाही. जेवून उठताना 'जेवणाबद्दल तक', निघताना 'माझ्याबद्दल तक', आणि महिन्याने पुन्हा भेट झाली तरी आधी 'मागच्या वेळेबद्दल तक' म्हणायचं, नाहीतर माणूस शिष्ट ठरतो. (कान मराठी असल्यामुळे व्हायचा तो विनोद पहिल्याच दिवशी झाला. अण्णांनी त्याच्यासाठी तांब्याभर ताक आणवलं. त्याने ते पिऊन पुन्हा 'तक' म्हटलं, तेव्हा दुसरा तांब्या आला.)

आपल्याकडे बघा. प्लीज आणि थँक्यू हे दोन्ही शब्द आपण उसने आणले, तरी आपलं काही अडलेलं नव्हतं. 'जरा सरकता का', 'तेवढं द्या ना', 'चहा मिळेल का'. त्या 'जरा'मध्ये आणि 'ना'मध्ये सगळी आर्जवं बसतात. गंमत म्हणजे 'मिळेल का' ही तऱ्हा त्यांच्याकडेही आहे. दुकानात स्वीडिश माणूस 'मला द्या' म्हणत नाही, 'मला मिळू शकेल का' म्हणतो. पण आपला 'तुम्ही' त्यांच्याकडे राहिलेला नाही. लहान-थोर सगळ्यांना 'दू', म्हणजे तू. बेंग्त अण्णांना सरळ 'तू' म्हणत होता आणि मी आपल्या अधिकारात त्याचं 'तुम्ही' करून टाकत होते. भाषांतर करणाऱ्याला एवढी चोरी माफ असावी असं मला वाटतं.

आणि एक शेवटची गोष्ट. बेंग्तच्या मुलखात 'हो' तोंडाने म्हणतच नाहीत. ओठांचा चंबू करून एकदम श्वास आत ओढतात: शूप! गरम चहाचा भुरका मारावा तसा. माहिती नसलेल्याला वाटतं, माणसाला चटका बसला.

पत्र्याच्या शेडमध्ये

चटका बसला असंच हनीफला वाटलं. हनीफ हा अण्णांच्या कारखान्याचा मेकॅनिक, चाळिशी ओलांडलेला, चाकण गावातच वाढलेला. त्याचे वडील बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा ठोकायचे. हा मोठमोठ्या कंपन्यांत वर्षानुवर्षं कंत्राटावर राबला आणि प्रत्येक वेळी कायम व्हायच्या आधी बाहेर पडला. मग अण्णांकडे टिकला. कामाचा पक्का आणि स्वतःच्या कामाची फुशारकी मारण्यात त्याहून पक्का.

बेंग्तने मशीनचं झाकण उघडलं. हनीफने विचारलं, "हा कॅम झिजलाय, व्हय ना साहेब?" मी विचारून सांगितलं. बेंग्तने श्वास ओढला, शूप!

हनीफ दोन पावलं मागे सरला. "करंट हाय का आत?"

मी खुलासा केल्यावर शेडमधले सगळे हसले, आणि दुपारपर्यंत कारखान्यात कुणी 'हो' म्हणेना. "चहा घेणार?" शूप! "जेवण झालं?" शूप! हनीफला ते सगळ्यात फक्कड जमलं. चहाच्या वेळी तो बेंग्तसमोर दुधाचं भांडं धरायचा आणि ऐटीत म्हणायचा, "या तक का नेय तक?" बेंग्तही काही कमी नव्हता. अण्णांच्या घरून आलेल्या डब्याने तिसऱ्या दिवशी त्याला एक मराठी शब्द शिकवला, 'नको'. हा शब्द तो फार मन लावून शिकला आणि तो काहीच कामाचा नाही हे त्याला चौथ्या दिवशी कळलं.

मशीन सुरू करायच्या दिवशी एक घोटाळा झाला. अण्णांनी हार घातला, कुंकू लावलं आणि बेंग्त 'थांब थांब' म्हणेपर्यंत नारळ मशीनच्या लोखंडी पायावर आपटला. पाणी उडालं ते थेट विजेच्या पेटीत. दिवे गेले, मशीन मुकं झालं. मी घाबरून दोघांच्या मध्ये उभी राहिले. अण्णा म्हणाले, "ताई, त्यांना सांगा, शुभच हाय." बेंग्त म्हणाला, "त्यांना विचार, पुढच्या वेळी नारळ बाहेर फोडायची कल्पना त्यांना कशी वाटते?" या वाक्यात किती राग आहे ते स्वीडनमध्ये राहिलेल्यालाच कळेल. मराठीत मी ते जरा चढवून सांगितलं, तेव्हा कुठे अण्णा गंभीर झाले. पेटी वाळवत हनीफ आणि बेंग्त सबंध दुपार केस वाळवायचं यंत्र घेऊन शेजारी शेजारी बसले होते. त्या दुपारी त्यांना माझी गरज लागली नाही. मी शेडभोवती फेऱ्या मारत राहिले.

हनीफच्या घरी

दुसऱ्या दिवशी हनीफने जेवायला बोलावलं. बोलावलं म्हणजे, "साहेब, घरी येनार का," असं एकदाच विचारून तो थांबला नाही. सकाळी विचारलं, चहाला विचारलं, संध्याकाळी गाडीच्या दारात उभा राहून विचारलं. बेंग्तने पहिल्याच वेळी 'या, तक' म्हटलं होतं. "मी हो म्हणालोय ना?" तो मला वैतागून म्हणाला, "त्याला माझ्यावर विश्वास नाही का?"

जुन्या गावठाणात दोन खोल्यांचं घर. समोर मांडवावर कारल्याचा वेल, आत भिंतीला टेकून ठेवलेली शिवणयंत्रं, कारण हनीफची बायको रुखसानाभाभी आजूबाजूच्या बायकांचे ब्लाऊज शिवते. जेवायला खाली दस्तरखान अंथरला होता. खिमा, बाजरीची भाकरी, कांदा, आणि बेंग्तसाठी म्हणून वेगळं केलेलं बिनतिखटाचं काहीतरी, ज्याला त्याने हात लावला नाही. खिमाच हाणला. भाभींनी पुन्हा वाढायला घेतलं तेव्हा तो म्हणाला, "नेय, तक." त्यांनी वाढलं. तो म्हणाला, "नको." त्यांनी आणखी वाढलं.

बेंग्त माझ्याकडे वळला. "मी दोन भाषांत नाही म्हणालो."

"इथे पहिलं 'नाही' धरत नाहीत," मी म्हटलं. "पहिल्याच हाकेला हो म्हणणारा माणूस हावरा दिसतो. म्हणून तो नाही म्हणतो. यजमानाला हे ठाऊक असतं, म्हणून तो पुन्हा विचारतो."

"मग खरं 'नाही' कसं म्हणायचं?"

मी ताटावर हात आडवा धरून दाखवला. बेंग्तने लगेच आपला रुंद पंजा ताटावर ठेवला. भाभी हसल्या आणि मागे सरल्या. त्याचा जीव भांड्यात पडला.

जेवण झाल्यावर तो उठला, भाभींसमोर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "जेवणाबद्दल तक." मी सांगितलं. भाभी एवढ्याशा झाल्या. "अगं बाई, आभार कशाला? काय कमी पडलं का?"

देहूला

रविवारी सुट्टी होती. अण्णांच्या जीपमधून हनीफ आम्हाला देहूला घेऊन गेला. तळवड्यावरून जाताना दोन्ही बाजूंना कारखान्यांची कुंपणं, मग अचानक ऊस, मग पुन्हा कुंपण. इंद्रायणीच्या घाटावर कोवळं ऊन होतं. मंदिरातून टाळांचा आवाज येत होता, पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर होता आणि त्यातल्या एका मोकळ्या पट्ट्यात एक बाई घमेली घासत होती. हनीफ लहानपणी मामाबरोबर इथे मासे धरायला यायचा. ज्या पायरीवरून तो पाण्यात पडला होता ती त्याने दाखवली. बेंग्त गुडघे सांभाळत खाली बसला. माझी चुळबुळ चालूच होती. मी घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आले. परत आले तेव्हा तो म्हणाला, "बस जरा. मला हनीफला एक विचारायचं आहे, आणि ते नीट सांगायला हवं."

मग त्याने विचारलं. त्याच्या घराशेजारी नदीकाठी जुनं कोठार आहे, त्यात अशी दोन मशीनं सुटी करून ठेवलेली आहेत. अजूनही जगभरातून लोकांचे फोन येतात, कारण ही मशीनं सगळीकडे पसरली आहेत आणि दुरुस्त करणारा तो एकटाच. त्याचे गुडघे गेले, हातही थरथरतो. त्याच्या मुलीला यात रस नाही. हनीफने उन्हाळ्यात तीन महिने त्याच्याकडे येऊन राहावं, सगळं शिकावं, आणि पुढे या बाजूच्या देशांतली कामं त्यानेच करावीत. अण्णांना त्याने आधीच विचारलं होतं, अण्णांची ना नव्हती. "मी बराच विचार केलाय," बेंग्त म्हणाला. "तुला यायला आवडेल का?"

बोलताना तो हनीफकडे बघत नव्हता, नदीकडे बघत होता. मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं. हनीफचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. उभ्या आयुष्यात त्याला कुणी असं काही विचारलेलं नव्हतं. त्याने छातीवर हात ठेवला आणि मान हलवली.

"न्हाई न्हाई. नको हो. साहेबांना माझ्यापायी कशाला तरास?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. हनीफ जे बोलला तेच मी सांगितलं. नेय, तक. तुला त्रास नको म्हणतोय.

"बरं," बेंग्त म्हणाला. "मग झालं तर." त्याने पॅन्टवरची माती झटकली आणि नदीकडे बघत राहिला.

परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता हनीफ म्हणाला, "मॅडम, तिकडं उन्हाळ्यात सूर्य मावळतच न्हाई म्हणत्यात. मग मगरीबची नमाज कवा करायची?" न जाणारा माणूस असले प्रश्न विचारत नाही.

गाडी हलेना

सोमवारी हनीफ दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट बघत होता. हे मला कळत होतं, अण्णांना कळत होतं, शेडमधल्या चहावाल्यालाही कळलं असतं. फक्त ज्याने विचारायचं त्याला कळत नव्हतं. हनीफ बेंग्तच्या आसपास घुटमळायचा. घट्ट असलेले नट पुन्हा घट्ट करायचा. मला बाजूला घेऊन विचारायचा, "साहेब काय बोलले का?" मंगळवारी त्याने चहाच्या वेळी 'या तक का नेय तक' विचारलं नाही, दुधाचं भांडं नुसतं पुढे सरकवलं. त्याच दिवशी रुखसानाभाभींचा मला फोन आला. "ताई, ह्यांनी पेटीतला स्वेटर काढून उन्हात टाकलाय. चाकणला कोन घालतंय एवढा जाड स्वेटर? मला काय सांगत न्हाईत. तुमी सांगा, काय झालंय?"

मला राहवेना. मी हनीफला गाठलं. "अरे, सरळ जा आणि सांग, मला यायचंय."

"मी कसं सांगू मॅडम? एकदा नको म्हणलो ना. आता मागं मागं गेलो तर लोचट दिसतो मानूस." मग जरा चढ्या आवाजात, "आन् त्यांना खरंच न्यायचं असतं तर पुन्हा विचारलं असतं त्यांनी. तोंडदेखलं विचारलं असंल. आमी काय ओळखत न्हाई का असली बोलावणी? लई कंपन्यांनी बोलावलंय आमाला आसं."

तो वळून गेला. त्याच्या पाठीकडे बघून मला रडू येईल की काय असं वाटलं.

संध्याकाळी हॉटेलवर परतताना कुरुळीजवळ गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, दोन्ही बाजूंनी दुचाक्या. शिफ्ट सुटलेली पोरं गाड्यांमधून वाट काढत चालली होती. एरवी अशा वेळी मी दार उघडून खाली उतरते आणि उगाच चालत सुटते. त्या दिवशी आतच बसले, कारण बेंग्त कोंडीत सापडला होता.

"हनीफला पुन्हा विचार," मी म्हटलं.

"तो नाही म्हणाला."

"ते 'नाही' भाभींच्या खिम्यासारखं होतं."

"खिमा वेगळा," तो म्हणाला. "हे त्याचं आयुष्य आहे. मोठा माणूस आपल्या आयुष्याबद्दल 'नाही' म्हणाला की ते 'नाही' त्याचं असतं. मी पुन्हा विचारलं तर त्याचा अर्थ, त्याला स्वतःचं मन कळत नाही असं मी समजतो." एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारण्याला त्यांच्याकडे एक तुच्छतेचा शब्द आहे, तो त्याने वापरला. त्याची आई म्हणायची की तसं करणारी माणसं आणि दाराशी ओरडणारं मांजर यात फरक नाही.

"इथे पुन्हा न विचारणाऱ्याला काय म्हणतात ठाऊक आहे?" मी चिडून म्हटलं. "इथे म्हणतात, त्याच्या मनातच नव्हतं."

बेंग्तने तोंड खिडकीकडे वळवलं. काचेबाहेर एक माणूस कंटेनरच्या सावलीत उभा राहून चणे खात होता. म्हातारा म्हणाला, "माझ्या मनात नसतं तर मी एकदाही विचारलं नसतं."

मला त्या दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटत होतं. दोघेही इतके सभ्य, आणि त्या सभ्यतेच्या पायी म्हाताऱ्याची विद्या कोठारात गंजणार आणि हनीफचा स्वेटर पुन्हा पेटीत जाणार. गाडी हातभर पुढे सरकली आणि परत थांबली.

निरोप

शेवटच्या दिवशी मशीन सुरळीत चाललं. स्प्रिंगा टपाटप पेटीत पडू लागल्या. नारळ अण्णांनी आपण होऊन शेडच्या बाहेर, रस्त्यालगतच्या दगडावर फोडला. बेंग्त तिथून सरळ विमानतळावर जाणार होता, मला नाशिकची एसटी धरायची होती. त्याआधी अण्णांच्या घरी जेवण. ओसरीवर पाट मांडले होते, बेंग्तला गुडघ्यांमुळे स्टूल दिलं होतं आणि पुढ्यात दुसरं स्टूल, ताटासाठी. हनीफ समोरच्या पाटावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून. अण्णांच्या मंडळी, म्हणजे वहिनी, जिलबीचं ताट घेऊन वाढायला निघाल्या.

"घे रं हनीफ."

"नको वहिनी, बास झालं."

वहिनींनी दोन वाढल्या. हनीफने निमूटपणे खाल्ल्या. वहिनी पुन्हा आल्या. "न्हाई न्हाई," तो म्हणाला, पण ताटावर हात धरला नाही. आणखी एक पडली.

बेंग्त खायचा थांबला होता. तो हनीफच्या ताटाकडे एकटक बघत होता. मग त्याने स्टुलाचा आधार घेतला, कण्हत उभा राहिला आणि वहिनींच्या हातातलं जिलबीचं ताट मागून घेतलं. पाहुण्याने वाढायचं म्हणजे काय! वहिनी "अहो, अहो" करत राहिल्या. तो गुडघे न वाकवता कमरेत वाकला आणि हनीफच्या ताटात एक जिलबी ठेवली. मग तिथेच, तसाच ओणवा राहून, त्याने विचारलं. त्याचे कान लालभडक झाले होते.

"हनीफ, मी पुन्हा विचारतोय. तू येशील का?"

मी मराठीत सांगितलं. ओसरीवर सगळे थांबले.

हनीफने वर पाहिलं. पोरासारखा आनंद त्याच्या तोंडावर येऊन गेला. आणि मग, त्याच्यातल्या बापजाद्यांनी त्याचा ताबा घेतला.

"नको हो साहेब," तो पुटपुटला. "कशाला माझ्यापायी..."

चाकणच्या रीतीप्रमाणे अजून एक खेप बाकी होती. पण मी बेंग्तकडे बघत होते, आणि मला दिसत होतं की या माणसाकडे तिसरी खेप नाही. दुसऱ्या वेळेलाच त्याने आईची शिकवण मोडली होती. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. माझा स्वभाव तुम्हाला सुरुवातीलाच सांगितला आहे. वाट बघणं मला जमत नाही.

"या, तक," मी म्हणाले. "तो म्हणतोय, या, तक."

बेंग्तने सावकाश मान माझ्याकडे वळवली. एकच मराठी शब्द तो मन लावून शिकला होता, हे मी विसरले होते.

"तो 'नको' म्हणाला," बेंग्त म्हणाला.

आणि समोर हनीफचाही हात जिलबीवर थबकला होता. त्यालाही रोजच्या चहाने 'या तक' आणि 'नेय तक' मधला फरक शिकवला होता. दोघेही माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं दोन भाषा सांभाळल्या आणि अशी रंगेहाथ सापडले. कानशिलं तापली. अण्णा काहीतरी विचारत होते, ते ऐकूही येत नव्हतं.

बेंग्त हनीफकडे वळला. वाकून वाकून त्याची पाठ थरथरत होती, तरी तो सरळ झाला नाही. त्याने तिसऱ्यांदा काही विचारलं नाही. नुसता थांबला.

हनीफने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दारातून बाहेर, जिथे गाडी उभी होती. त्याच्या तोंडून 'हो' काही केल्या बाहेर पडेना. मग त्याने ओठांचा चंबू केला आणि श्वास आत ओढला.

शूप!

ओसरीवर आधी कुणाला काही कळलं नाही. मग अण्णा मांडीवर थाप मारून हसले आणि वहिनींनी डोळ्याला पदर लावला. बेंग्त हसला नाही. त्याने हातातल्या ताटातली एक मोठी जिलबी निवडली आणि हनीफला न विचारता त्याच्या पानात वाढली, मग आणखी एक, मग आणखी एक. हनीफचे दोन्ही हात मांडीवर होते, ते त्याने उचलले नाहीत.